हवा मोफत

हिंगणा रोडवरचा पंप, सकाळचे सव्वासात.
मोटारींच्या रांगेत माझी सायकल, मागे हॉर्न.
मडावी नळी ओढत येतो.
मी खिसा चाचपतो:
आधी हाताला कांदा लागतो,
लू लागू नये म्हणून बायकोनं कोंबलेला,
मग पितळी जोड.
तो नसला तर पंपाची नळी
माझ्या वॉलला ओळखच देत नाही.

सुस्स.
अंगठ्यानं टायर दाबून मडावी हात आखडतो.
"अजून थोडी टाक ना."
"नाही जी. मे लागला.
बाकीची दुपारी ऊनच भरते.
परवा एका मास्तरची फुटली, शाळेच्या शेडमंदी.
पोरं पळाले ना बॉम्ब म्हणून!"

पुन्हा हॉर्न.
एमआयडीसीच्या गेटापर्यंत
मागचं चाक जरा मऊच चालतं,
उन्हासाठी जागा ठेवून.