चारशे ऐंशी रेषा

ग्लेस बे. चर्चचं तळघर. शुक्रवार.
डॉलरला तीन. डबी फुटकी असेल तर चार.
मी टेबलामागे बसतो, बोटं कापलेले हातमोजे घालून,
आणि दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच,
"घरी मोठा टीव्ही आणलाय.
या डीव्हीडी अजून घ्याव्यात का?"

तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले मी.
माझं उत्तर लांब असतं.
गिऱ्हाइकाच्या बुटांवरचा बर्फ वितळून
फरशीवर थारोळं होतं, तरी मी बोलतच असतो:

तबकडीत रेषा चारशे ऐंशी.
तुमचा पडदा मागतो हजार ऐंशी.
मधल्या सहाशे प्लेअर मनानेच रचतो,
शेजारच्या दोघींना विचारून,
गावातल्या बातमीसारख्या.
बऱ्याचशा खऱ्या निघतात.

रात्रीचा प्रसंग असेल, धूर असेल,
पावसात उधळलेली घोडी असतील
तर घेऊ नका. अंधार चौकोनी होतो.
ज्यातला उजेड पुन्हा पुन्हा पाहायचाय
त्याला चार पैसे जास्त टाका, ब्लू-रे घ्या.

पण जुनी मालिका, स्टुडिओत टेपवर घेतलेली,
दार आपटलं की जिची भिंत हलते,
तिच्यात याहून बारीक काही नव्हतंच कधी.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि गेल्या जानेवारीत वादळाने तारा पाडल्या.
वीज दुसऱ्या दिवशी आली, इंटरनेट नवव्या.
ते नऊ दिवस माझ्या दारात रांग होती,
आणि रेषा कुणी मोजल्या नाहीत.

मर्डीना मॅकॅस्किलने सगळं ऐकून घेतलं.
"एवढं विचारलं नव्हतं. हो की नाही, ते सांग."
"हो."
तिने सहा उचलल्या. सगळ्या त्या वकिलाच्या मालिकेच्या.
डबी नाकाला लावून नाव वाचलं,
नाणी एकेक चाचपून दिली.

मार्चमध्ये तिने दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले.
एप्रिलमध्ये परत आली, तणतणत.
"फसवलंस मला. वकिलाच्या तोंडाला मेण फासलंय.
केसांना मुंग्या लागल्यात.
कोर्टातली सगळी माणसं
ओल्या कागदावर काढल्यासारखी."
मग जरा थांबून,
"आणि माझं स्वयंपाकघर पिवळं आहे, तुला माहीत होतं?
आठ वर्षं मी ते पांढरं समजून पुसतेय."

मी डब्यातून दोन डॉलर काढले.
तिने हात पुढे केला नाही.
"बसतेस कुठे?" मी विचारलं.
"पडद्याला चिकटून. दिसत नव्हतं ना मला."
"आता दिसतं."
"हो, आता दिसतं," ती म्हणाली,
जसं काही ते पहिल्यांदाच तिच्या कानावर पडत होतं.

पुढच्या शुक्रवारी स्वतःच सांगू लागली.
खुर्ची मागे ढकलत नेली,
एक पाय, दोन पाय, थांबत थांबत,
तर खिडकीखाली ती धप्पकन खाली बसली.
गालिच्यात चार खळगे होते.
तिची जुनी जागा,
डोळे धुरकटायच्या आधीची.
इतकी वर्षं व्हॅक्यूम फिरवूनही
ते बुजले नव्हते.

"तिथून मेण दिसत नाही.
दिसतो तो नुसता माणूस.
आणि ऐक,
खोटं बोलताना तो डावीकडे बघतो.
आठ वर्षं मी त्याचं सगळं खरं धरत होते."

तिने पेटीत हात घातला.
डबी आता हातभर लांब धरून वाचत होती.
"पुढचा भाग आहे?"
आहे. झाकण तडकलेलं.
"मग चार घे," मी म्हणालो.