शिवण कुठवर जाते

बुधवारच्या बाजारात, होळकर पुलाच्या अलीकडे,
मुनाफभाई पोतं अंथरून बसतात.
काटे नसलेली घड्याळं, पितळी कड्या, निम्मी सुरई,
आणि आज जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली
सोड्याची एक बाटली.
"लाटसाहेबाच्या जमान्यातली," म्हणाले.
त्यांच्याकडे सगळंच लाटसाहेबाच्या जमान्यातलं,
प्लास्टिकचा कंगवासुद्धा.

मी चष्मा कपाळावर ढकलला.
एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये हेच केलं.
शाई पसरली, बाद.
आकडा केसभर सरकला, बाद.
चूक हुडकायची आणि भट्टीत पाठवायची.
इथे उलटं आहे.
इथे चूकच साक्षीला उभी राहते.

आधी शिवण.
साच्याच्या दोन फाकांची रेघ तळापासून निघते,
नख तिच्यावरून वर न्यायचं, डोळे मिटून.
ओठावरून पार गेली तर यंत्राची, अलीकडची.
ही गळ्याशीच विरते.
म्हणजे गोटी आत टाकल्यावर
कुणीतरी हाताने ओठ वळवला होता,
काच अजून गुळाच्या पाकासारखी असताना.

खांद्यात तीन बुडबुडे, त्यातला एक लांबट.
भट्टीवर त्या दिवशी घाई असणार.
रंग कच्च्या द्राक्षाचा, पण वर्षानुवर्षं गाळात राहून
अंगावर रॉकेलच्या तवंगासारखी झाक चढलेली.
तळ एका बाजूला जड.
ठेवली की किंचित कलते,
कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखी.

पोटावर उठावाची इंग्रजी अक्षरं.
नासिक. त्यातला एन उलटा.
साचा कोरणाऱ्याला सगळं आरशातलं लिहायचं होतं,
एका अक्षरापुरता तो विसरला.
आमच्या खात्यात असता तर चौकशी लागली असती.
खाली, देवळाली कॅम्प, पेस्तनजी अँड ब्रदर.
ब्रदर एकच.
पुढे ते ब्रदर्स झाले, मग सन्स.
ते दोन्ही माझ्या कपाटात आहेत, हा पहिला मिळत नव्हता.
एकोणीसशे पाच ते दहा, मी मनात म्हणालो.
काच साल सांगत नाही,
दोन सालांमधली जागा सांगते.

"ओठ फुटलाय, गोटी नाही," एवढंच मोठ्याने बोललो.
मुनाफभाईंनी दोनशे कमी केले.

फुटल्या कडेवरून बोट फिरवलं.
बोचत नाही. नदीने गोल केलीय.
एकाच घावात, दगडाने, बेताने,
बाकी बाटलीला धक्का न लावता.
असं फक्त पोरं फोडतात. गोटीसाठी.

मला हा घाव येतो.
सदुसष्ट साली, दहा वर्षांचा असताना,
धात्रकांच्या गाडीवरची बाटली मी
भद्रकालीच्या बोळात नेली होती.
संध्याकाळी त्यांनी रिकाम्या बाटल्या मोजल्या.
मग परत मोजल्या.
मग गाडीचा दांडा उचलला आणि गेले.
मी समोरच उभा होतो, मूठ खिशात.
त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ती गोटी अजून आहे, बटणांच्या डब्यात.
रात्री काढली, धुतली,
बाटलीच्या तोंडाशी नेली.
आत जाईना. जरा मोठी.
होणारच होती. धात्रकांची बाटली सन्सची,
कधीच कुठेतरी काचांमध्ये गेलेली.
तरी हात थोडा थरथरला, हे खरं.

नोंदवहीत लिहिलं:
पेस्तनजी अँड ब्रदर. हातवळणी ओठ, फुटका.
एन उलटा. अंदाजे १९०५ ते १०.
गोटी: नाही.

मग "नाही" खोडलं.
प्रेसमध्ये खाडाखोड चालत नसे.
बाजूला लिहिलं:
कुणाकडे तरी.