रकाना अकरा

फुजैराच्या कचेरीत, सहाव्या मजल्यावर,
माझ्यासमोर दाऊद मुकादमची फाईल.
मोटरमन, वय एक्केचाळीस, मुक्काम बाणकोट.
रकाना दहापर्यंत सगळं सरळ आहे.
रकाना अकरा: मृत्यूचं कारण, एका शब्दात.

युद्ध लिहिलं तर कलम सात लागतं,
कलमाच्या पोटात पोटकलम ग,
आणि ग-च्या पोटात पैसे गडप.
अपघात लिहिलं तर लंडनहून विचारणा येते,
ड्रोन पाय घसरून पडलं का, बाई?
हल्ला म्हणायचं तर करणारा हवा;
दोन महिने झाले, कुणी हात वर करत नाही.
चकमक म्हणावी
तर तिला दोघं लागतात, गारगोटीवर गारगोटी.
इथे एका बाजूला होता
इंजिनरूममध्ये वाकून फिल्टर धुणारा माणूस.

त्या दिवशी सकाळच्या बातम्यांत तणाव होता,
दुपारी वाढता तणाव,
संध्याकाळच्या पत्रकात नुसती घटना,
जणू कुणाच्या हातून कप निसटला.
आणि धोक्याच्या नकाशावरची लाल रेघ
त्या पहाटे सोळा मैल वर होती.
नंतर ती खाली आणली.
जहाज होतं तिथेच होतं.

नादिन, पलीकडच्या टेबलावरची, बैरूतची,
स्टेपलरमध्ये पिना भरता भरता म्हणते:
आमच्याकडे पंधरा वर्षं चाललं,
त्याला आई अजून 'त्या घडामोडी' म्हणते.
घडामोडींत तिचा धाकटा भाऊ गेला,
घराचा जिना गेला.
घर राहिलं, वर चढता येईना.

डोंगरापलीकडे जे पाणी आहे
त्याच्या नावावरूनच दोन किनारे भांडतात.
आम्ही पत्रांत नुसतं आखात लिहितो,
विशेषण गाळून, पगार चालू ठेवून.

काल बाणकोटला फोन लावला.
आधी कुकरची शिट्टी, मग जैबूनचा आवाज:
चाळिसावापण झाला, ताई.
तुमच्यात बाराव्या दिवशी बारसं करतात ना?
मग ह्याचं कधी करणार?

मी तिला शब्द वाचून दाखवले, एकेक,
बाजारात भाव सांगावेत तसे.
कुठल्या शब्दाला किती, तेही सांगितलं.
शेवटच्याला काहीच नाही, हे जरा हळू.
ती म्हणाली, तुम्ही ठेवा काय ते नाव.
आम्ही कुणाला नावं ठेवत नाही.

मग थोडं थांबून:
पार्सलात त्यांची चप्पल आली. डावी.
दुसरीचं काही कळलं का?

मी सामानाची यादी काढली.
मोबाईल, वितळलेला, नग एक.
तसबी, नग एक.
चप्पल, नग एक.
खाली तपासणाऱ्याची सही,
माझी.