तुटक रेष

मिठागराच्या कचेरीचं पहिलं मोजमाप मी घेतलं
तेव्हा बाविशीची होते. टेपचं दुसरं टोक धरायला
कोणी नव्हतं, म्हणून ते विटेखाली दाबायचं
आणि खाडीकडच्या भिंतीपर्यंत चालत जायचं.
कोपरीत तेव्हा संध्याकाळी चिखलाचा वास यायचा.

भिंतींना छातीपर्यंत लोणा धरलेला.
बोट लावलं की पीठ गळायचं. चाखून पाहिलं, खारट.
मिठाचा हिशेब ठेवणाऱ्या इमारतीला
मीठच खात होतं. हे मी वहीत लिहिलं.
सरांनी खोडलं: शेरे नकोत, आकडे लिहा.

आकडे लिहिले. जोतं अठ्ठावीस इंच. भिंत वीस.
तुळया सागाच्या, नऊ.
पूर्वेच्या भिंतीला फायलींची कपाटं टेकलेली,
ती हलेनात. तिथे मी सरळ रेघ ओढली.

पुढे चुना भिजवायला शिकले,
गूळ किती, हिरडा किती, आणि मुख्य म्हणजे थांबायचं किती.
सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने सोलायला,
साहेबांच्या केबिनबाहेर दुपारभर बसायला.
कचेरी यादीत आली, श्रेणी तीन.
यादी छापून येईपर्यंत कचेरी गेली,
एका शनिवार-रविवारात. सोमवारी पत्रे लागले होते.

उरला माझा नकाशा.
मुलं प्रत मागतात, तळटीपेत माझं नाव घालतात.

परवा व्याख्यान संपल्यावर पदू भोईर थांबले,
ऐंशीच्या पुढचे, कानात यंत्र.
पडद्यावर काठी टेकवून म्हणाले,
"हितं खिरकी व्हती. लोखंडी गज, मधला वाकलेला.
मुकादम त्यातून पगार द्यायचा.
आयचा हात आत, मी तिचे कंबरेवर.
खिरकी कं गेली गो, बाय?"
मी म्हटलं, तिथे कपाटं होती.
"ती मागनं. पगार बंद झाला तवा ठेवली आसतील."

रात्री मूळ ट्रेसिंग काढलं. कडा तुटतात आता.
पात्याने शाईची रेघ खरवडता येते.
खरवडली नाही. तीही मीच ओढलेली.
तिच्यावर पेन्सिलने तुटक रेष काढली,
पहिल्या वर्षी शिकवतात ती:
आहे, पण आड आहे.

गजांमधलं अंतर विचारायचं राहिलं होतं.
फोन केला. बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू आला,
मग म्हणाले, "आयचा हात जायचा. बांगऱ्या अरकायच्या."

लिहिलं: अंतर, अंदाजे अडीच इंच.
आणि शेजारी, शेरा.