बोळा

बाथरूम नवं झालं त्याला अठरा दिवस.
छातीपर्यंत टाइल, टाइलवर वेलबुट्टी,
गिझर, गोल आरसा, धरायला स्टीलचा दांडा.
फक्त पाणी जायचं नाव घेत नाही.

उदगीरला आमच्या गल्लीत नळ येतो आठव्या दिवशी.
आलेल्या पाण्याला आम्ही बसा म्हणतो,
पिंपात, घागरीत, कुकरच्या भांड्यातसुद्धा.
पण अंगावरून उतरलेलं पाणीही
घोट्यापर्यंत साबणाचा फेस पांघरून बसून राहावं,
एवढा पाहुणचार मी कुठं मांडला होता?

बावीस वर्षं तहसीलीत आवक-जावक लिहिली.
कागद कुणाच्या टेबलाखाली अडलाय
ते मला वासावरून कळायचं.
इथं तर खराच वास होता.

नरसिंग मिस्त्रींना फोन लावला. पहिल्यांदा नीट बोलले.
दुसऱ्यांदा म्हणाले, ढाळ चुकलाय तुमचा.
ते म्हणाले, "गोटी सोडून बघा की मॅडम."
शेजारच्या पोराची गोटी आणून सोडली.
ती घरंगळत गेली आणि जाळीवर जाऊन बसली, शहाण्यासारखी.
तिसऱ्यांदा मी 'तू'वर आले:
पाइप हलका टाकलास, कुठंतरी पाणी मुरतंय,
मी काही बोळ्यानं दूध पीत नाही.
पलीकडं हैदराबादची कुठलीशी साइट, कटरची घरघर.
मग नुसतं "बरं."
त्या 'बरं'चाच मला जास्त राग आला.

रविवारी मोईज आला, खांद्यावर तारेचं वेटोळं.
"ॲसिड वतलाव का?"
"दोन बाटल्या."
"कामून?"
याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.
त्यानं जाळी काढली, खालची वाटी काढली.
नाणी ट्रॅप म्हणतात ते याला. नाणी म्हणजे न्हाणी.
वर एवढं बाथरूम झालं,
खाली जमिनीत अजून न्हाणीच आहे.

तार गेली, फिरली, अडकली.
मोईजनं पाय भिंतीला लावून ओढली.
काळं, लांब, ओघळतं काहीतरी आलं.
"फडकं हाय मॅडम."
मगभर पाणी घातल्यावर आधी हिरवा दोरा दिसला,
मग पोपट, शेपूट ॲसिडनं खाल्लेली,
मग 'शुभ रात्री'मधलं 'रात्री'.
दहावीच्या सुट्टीत भरलेला माझा अभ्रा.

तोडफोडीच्या पहिल्या दिवशी मिस्त्री म्हणाले होते,
एखादं फडकं द्या, पाइपात खडी जाईल.
मीच दिलं.
आणि शेवटच्या दिवशी, जाळी बसवा लवकर,
संध्याकाळी पाहुणे आहेत, हेही मीच.
आवक माझ्या हातची.
जावक लिहायची राहिली.

पाणी स्वतःभोवती दोनदा फिरलं,
घशातून आवाज काढला आणि गेलं.
मोईजनं तीनशे घेतले, चहा घेतला, जाताना म्हणाला,
गावाला गेलात की शेजारणीला सांगा,
तांब्याभर पाणी वता म्हणावं यात.
ट्रॅप सुकला की वास वर येतो,
पाणीच आडवतंय त्याला.
सातव्या दिवशी, पिंपाचा तळ दिसत असताना,
एक तांब्या गटाराच्या नावानं!
ओतते.

संध्याकाळी फोन लावला.
"मॅडम, ढाळ...?"
"ढाळ बरोबर आहे तुमचा," मी म्हणाले.
कटर थांबलेला होता. ते वाट बघत असावेत.
दोरीवर अभ्रा वाळत होता, पोपटाचं तोंड माझ्याकडं.
"बरं," मी म्हणाले
आणि फोन ठेवला.