लोणा

शुक्रवारी पहाटेच बसलो
सुलक्षणाचं जुनं उलथनं घेऊन, लोणा खरवडायला.
मुहर्रकचं हे भाड्याचं घर
समुद्रातून काढलेल्या दगडांचं.
पोपडा उचलला की आत पांढरी भुकटी.
खाल्ल्या मिठाला जागते भिंत,
दर उन्हाळ्यात.

हिरव्याखाली गुलाबी, गुलाबीखाली निळा,
आणि निळ्यात खिळ्याने ओढलेल्या रेघा,
कुणाच्या तरी पोराची उंची.
चौथ्या रेघेनंतर कोरी भिंत.

‘व्हिसा संपला असेल बापाचा,’ सुलक्षणा म्हणाली
आणि शिडी धरून उभी राहिली.

आता खोली सगळी सायीच्या रंगाची,
दाराजवळची वीतभर पट्टी सोडून.
घरमालकाचा मुलगा विचारतो, रंग कमी पडला?
हो म्हटलं.
अर्धा डबा आहे अजून,
जिन्याखाली.