कसाऱ्यात मुक्काम

खोलीचे दोनशे, गरम पाण्याची बादली वेगळी.
नोंदवहीत 'कुठून' लिहिलं,
'कुठे'पाशी पेन अडलं.
चांगुणाबाई मेंगाळ म्हणाल्या, राहू दे,
पुढे घाट, मग नाशिकची हद्द, एवढं पुरे.

सॅक उतरवली तरी
पट्ट्यांचे वळ खांद्यावर तसेच.
नागलीची भाकर, सुकटाची चटणी.
रेंज नाही.

दोनच्या सुमाराला मालगाडीला
मागून इंजिनं जोडल्याचा धक्का
खाटेच्या पायापर्यंत आला.
वर ढकलून देतात म्हणे,
आणि इगतपुरीहून एकटीच परततात.

आई स्टँडपर्यंत आली होती.
सॅक मागून उचलून धरली,
मी पट्ट्यांत हात घालेपर्यंत.
बोलली नाही.

सकाळी बादलीचे वीस सुटे निघेनात.
असू देत, त्या म्हणाल्या,
उतरताना दे.